बोटभर हवा

आमच्या नाशिकात वडाळा नाक्याच्या रस्त्यावरून एखादी गाडी फाडफाड आवाज करत गेली की मी आधी तोंडातल्या तोंडात शिवी हासडते आणि मग मला नाना आठवतात. हा क्रम कधी चुकत नाही. खरं तर तो आवाज नानांच्या माझ्यापेक्षा जास्त डोक्यात जायचा. "ताई, ज्याला घरात कोणी विचारत नाय, तो बाहेर असा बोंबलत हिंडतो," असं म्हणायचे, आणि अर्ध्या तासानं त्याच पोराची गाडी जॅकवर चढवून तिच्याखाली आडवे झालेले असायचे.

माझं सीट कव्हरचं दुकान. नवरा अंबडला कंपनीत, दुकान सगळं माझ्याच अंगावर. शेजारी नाना आहेरांचं गॅरेज आणि मधे फक्त एक पत्र्याची भिंत. त्यामुळे नाना गिऱ्हाइकाला काय बोलले ते मला ऐकू यायचं आणि मी काय बोलले ते त्यांना. दुपारी चहाला बाहेर आले की म्हणायचे, "आज त्या शर्टवाल्याला जरा जास्तच झापलं तुम्ही." मी म्हणायचे, "आणि तुम्ही सकाळी त्या इनोव्हावाल्याची आरती ओवाळत होता का?" मग दोघंही बशीत चहा ओतायचो. नाना खुर्चीवर कधी बसले नाहीत. एक जुनी, मेलेली बॅटरी होती, ती उलटी करून तिच्यावर बसायचे. कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, खुर्चीवर बसलं की माणूस हिशोबनीस होतो.

नाना मूळचे सटाण्याकडचे. बुटके, रुंद, आणि हात असे की एकेक बोट केळ्याएवढं. लग्नातली सोन्याची अंगठी होती, पण गाडीच्या कामात अंगठी घालायची नसते, कुठे अडकली तर बोटच जायचं, म्हणून ती कायम घरी देवघरात. सणावाराला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आठवण करायच्या तेव्हा जरा वेळ घालायचे. एकदा दसऱ्याला ती बोटात अडकून बसली तेव्हा काकूंनी साबण लावून लावून काढली आणि नाना गल्लीभर सांगत सुटले की बायकोनं सोनं परत घेतलं. बोलणं एरवी नाशिकचं, पण राग आला की सटाण्याची अहिराणी बाहेर यायची. "काय करी राह्यना रे?" असं पलीकडून ऐकू आलं की मी मशीन थांबवून कान द्यायचे. आता मजा येणार हे ठरलेलं. आणि एखादं काम मनासारखं जमलं तर दोनच शब्द, "बेस शे," म्हणजे छान आहे. मी शेजारी इतकी वर्षं काढली, पण हे दोन शब्द फार क्वचित ऐकले. पोरांनी मुंबईहून महागाचे सायलेन्सर आणून बसवावेत, नानांनी ते बघावेत, आणि नुसतं "हं" म्हणावं.

आता नानांची खासियत काय, ते सांगते. पोरांना कंपनीचा सायलेन्सर नको असतो. आवाज पाहिजे, ताकद पाहिजे, म्हणून ते बाहेरचा जाड पाइप बसवून घेतात. तो पाइप जातो कुठून, तर गाडीच्या पोटाखालून, चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या अगदी शेजारून. त्या दांड्याच्या सांध्यावर रबराचं घडीघडीचं टोपण असतं, आत ग्रीस. गॅरेजवाले त्याला बूट म्हणतात. कंपनीनं पाइप आणि बूट यांच्यामधे एक पातळ पत्रा दिलेला असतो, उष्णता अडवायला. जाड पाइप मावत नाही म्हणून बाहेरचे लोक तो पत्रा काढून फेकतात. मग बूट भाजतो, चिरतो, ग्रीस उडतं आणि सांधा कोरडा पडून कटकट करायला लागतो. हे सगळं मला नानांनीच शिकवलं. मला विचाराल तर मी गाडीच्या वरचं बघणारी बाई, खालचं बघायला मला कोण बोलावतंय.

बाकीचे मेकॅनिक त्या पत्र्याला हीट शील्ड म्हणायचे. नाना म्हणायचे सावली. "हिला सावली नाय राहिली," असं गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि गिऱ्हाईक बिचारं वर झाडाकडे बघायचं. मी एकदा विचारलं, नाना, हा काय शब्द काढलात? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरची डाळिंबाची बाग. एप्रिलचं ऊन फळावर सरळ पडलं की त्या बाजूला काळपट चट्टा पडतो आणि माल गेला. म्हणून झाडांवर जुन्या साड्या टाकतात. लहानपणी सुट्टीत त्यांचं कामच ते, गावभरच्या घरांतून जुन्या साड्या गोळा करायच्या आणि झाडावर बांधायच्या. "आमच्या बागेत बघायला गेलं तर सगळ्या गावाच्या बाया उभ्या दिसायच्या," म्हणाले. "बुटाला पण तसंच हे ताई. ऊन लागतं त्याला." हे सांगताना ते माझ्या दुकानातल्या रेक्झिनच्या तुकड्यांकडे बघत होते. त्या गल्लीत बाग आठवायला तेवढीच रंगीत वस्तू होती.

या सावलीवरून एकदा जे झालं ते सांगितल्याशिवाय नाना पुरे होत नाहीत. सटाण्याकडचे एक दगडूभाऊ म्हणून बागायतदार होते, नानांच्या ओळखीचे. त्यांच्या पिकअपचा सायलेन्सर सडला म्हणून त्यांनी रस्त्यातल्या कुठल्या तरी वेल्डिंगवाल्याकडून सरळसोट पाइप ठोकून घेतला. खालून वास यायला लागला तेव्हा नानांना फोन केला. नानांच्या अंगावर त्या दिवशी कामाचा ढीग. म्हणाले, "उद्या आण. तोवर तिला सावली करून ठेव, जास्त पळवू नको." नानांना म्हणायचं होतं, मधे एखादा पत्रा तारेनं बांध. पण समोरचा माणूस पडला डाळिंबवाला. सावली म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं घरातली साडी घेतली, गाडीखाली शिरला आणि पाइपाच्या शेजारी फिरणाऱ्या दांड्याला छान गुंडाळून गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पिकअप गल्लीत आली ती धुरासकट. मागून साडीचा पदर लोंबत होता, काळा पडलेला, आणि आत दगडूभाऊंच्या मंडळी बसलेल्या. त्या उतरल्या आणि सरळ नानांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही सावली करायला सांगितली का?" नाना म्हणाले, "हो वहिनी, पण..." "ती साडी माझ्या भावानं दिलेली हे. जुन्या साड्या खालच्या पेटीत होत्या. या माणसाला वरची पेटी दिसली." दगडूभाऊ चाकाशी उकिडवे बसून काहीतरी फार महत्त्वाचं शोधत असल्यासारखे खाली बघत होते. नानांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. नाही जमलं. बॅटरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेवटी त्या वहिनीही हसायला लागल्या. मी माझ्या घरासाठी घेतलेला एक नवा बेडशीटचा सेट त्यांना दिला, गाडीत घालायला नव्हे, घरी वापरायला, हेही बजावून सांगितलं.

पण त्या दिवसापासून नाना नुसतं सावली म्हणत नसत. गाडी कोणाचीही असो, मधे पत्रा लावताना पाइप आणि पत्रा यांच्यात त्यांचं बोट गेलंच पाहिजे. "सावली अंगाला चिकटत नसते," म्हणायचे. "चिकटवली की ती पण तापते, आणि मग ती सावली नाय, तवा होतो. मधे बोटभर हवा पाहिजे." पोरं मोजपट्टी घेऊन आली तरी नाना बोट घालून बघणार. आणि गाडी नीट झाली की तिला स्वतः चालवायचे, उड्डाणपुलावरून पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन परत. आल्या आल्या खाली वाकून त्या बुटाला हाताची उलटी बाजू लावायचे. तळहात कामानं जाड झालेला, त्याला कळत नाही म्हणे. आपण पोराच्या कपाळाला लावतो तसं. माझी मुलगी लहान असताना तापानं फणफणली होती, मी रडवेली होऊन तिला दुकानातच निजवलं होतं. नाना आले, तसाच उलटा हात तिच्या कपाळाला लावला, म्हणाले, "डॉक्टरकडं न्या, वाट बघू नका." तिच्या कपाळावर ग्रीसचा मोठा डाग. डॉक्टरांनी आधी तोच पुसला.

नानांचा मुलगा नीलेश. डिप्लोमा झाला आणि दोन-तीन वर्षं बापाच्या हाताखाली काम केलं. हात चांगला होता पोराचा. पण त्याला आवाजाच्या गाड्यांचं वेड, आणि बापाला त्याचाच तिटकारा. एका पत्र्याच्या भिंतीआडून मी किती भांडणं ऐकली ते मलाच माहीत. शेवटी नीलेशनं पाथर्डी फाट्याला स्वतःचं दुकान काढलं. मोठा बोर्ड लावला, आणि बोर्डाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "नाना आहेर यांच्या हाताखाली तयार." नाना तो बोर्ड बघायला गेले नाहीत. मी फोटो दाखवला तेव्हा मोबाइल लांब धरून बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "नाव लय बारीक लिहिलंय." चेहरा मात्र फुललेला.

आणि मग ते झालं. नीलेशनं एका माणसाच्या गाडीला जाड पाइप बसवला. पत्रा मावला नाही म्हणून काढला, आणि गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून दुसरा लावला नाही. तो माणूस बायको-मुलीला घेऊन वणीच्या देवीला निघाला. नांदुरीचा घाट चढताना बूट भाजून फुटला, ग्रीस तापलेल्या पाइपावर उडालं, आणि गाडीखालून धूर. त्यानं गाडी थांबवली, पोरीला उचललं आणि बायकोसकट लांब जाऊन उभा राहिला. कोणाला काही झालं नाही. देवीनंच सांभाळलं म्हणायचं. पण तो चिडलेला माणूस बोर्डावरचं नाव वाचून नानांकडे आला, आणि तो फुटलेला बूट त्यानं नानांच्या पुढ्यात टाकला.

मी त्या दुपारी नीलेशच्या दुकानात कव्हर द्यायला गेले होते, म्हणून मला बघायला मिळालं. नाना रिक्षातून उतरले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात ते जळकं रबर. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. नानांनी पिशवी काउंटरवर ठेवली. मला वाटलं आता अहिराणी सुरू होणार. पण नाना अगदी शुद्ध, हळू आवाजात बोलले, आणि मला तेव्हाच भीती वाटली. "आत लेकरू बसलं होतं," म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकला असं यापुढं कोणाला सांगू नको." आणि निघून गेले. नीलेशनं पिशवी उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या खालच्या ओळीवर पांढरा रंग होता.

चूक पोराची होती, यात वादच नाही. पण चार माणसांत बोलायला नको होतं, हे मी नानांना तोंडावर सांगितलं. ते पत्र्यापलीकडे निघून गेले. त्यानंतर दिवाळी आली नि गेली, नीलेश आला नाही. नानांनीही फोन केला नाही. पाथर्डी फाट्याकडची गाडी गॅरेजला आली तर विचारायचे, काम कुठलं? त्या दुकानाचं असेल तर म्हणायचे, पुढं जा, माझ्याकडं वेळ नाय. रिकामे बसलेले असले तरी. रस्त्यानं आवाजाची गाडी गेली की बोलायचं थांबून कान द्यायचे. आधी शिव्या द्यायचे, आता नुसतं ऐकायचे. मला ते बघवत नव्हतं.

काकू मधूनमधून माझ्याकडे येऊन बसायच्या. गोड बाई, कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. पण एकदा मात्र भडकल्या. "याचं त्याला सांगायचं नाही, त्याचं याला सांगायचं नाही. दोघांच्या मधे मी किती दिवस पत्रा होऊन उभी राहू हो?" मी म्हटलं, काकू, हे जाऊन नानांना सांगा. त्या म्हणाल्या, सांगितलं, तर म्हणतात पत्र्याला बोट लावून बघू का. मग दोघी हसलो, आणि मग त्यांनी पदर डोळ्याला लावला.

मग आमची ती सगळी जागा गेली. मालकाला इमारत बांधायची होती. मला महिन्याभरानं पुढच्या गल्लीत गाळा मिळणार होता. नाना म्हणाले, आता नवीन जागा, नवीन बोर्ड, कशाला? गावी जातो, भावाच्या बागेत सावल्या बांधतो. थट्टेत बोलले, पण मला माहीत होतं की ते नाशिक सोडून निघालेत आणि मुलाला न भेटता निघालेत. गेले असते तर परत येणारा माणूस नव्हता तो. मी नीलेशला फोन करायचा म्हणून मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. ते घर काकूंचं, मी कोण.

निघायच्या सकाळी टेम्पो सामान घेऊन पुढे गेला, काकू टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून गेल्या. नानांना एसटीनं जायचं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते शेवटचे त्या बॅटरीवर बसले होते. चहा मीच आणला. आणि गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. मी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. नीलेशची गाडी होती.

पोरगा खाली उतरला. वाळला होता जरा. नाना उठले नाहीत. "मी एसटीनं जाणार हे," म्हणाले, त्याच्याकडे न बघता.

"जा ना," नीलेश म्हणाला. "आधी गाडीखाली बघा, मग जा."

"तापलेली असेल."

"मग निवू द्या."

झालं. दोघं बापलेक गाडी निवायची वाट बघत बसले. एक बॅटरीवर, एक माझ्या दुकानाच्या पायरीवर. मी आणखी चहा केला. एवढ्या वेळात मी एक अख्खं कव्हर शिवलं असतं. पण माझ्यानं मशीन सुरू करवलं नाही. गाडी तेवढी थंड होताना टिक टिक करत होती.

शेवटी नाना उठले. मी सीटमधला फोमचा मोठा तुकडा आणून गाडीशेजारी अंथरला, कारण त्यांचे गुडघे आता पहिल्यासारखे नव्हते आणि शर्ट पांढरा होता. शर्टाचं त्यांना काही नव्हतं. आडवे झाले आणि सरकत खाली गेले. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. आधी बुटाला उलटा हात लावला असणार, कारण "हं" ऐकू आलं. मग पत्र्यामागं बोट घालताना खुडबुड ऐकू आली.

"निल्या," खालून आवाज आला. "तुझं बोट तर काडीसारखं हे. ही जागा कोणाच्या बोटाची ठेवली?"

नीलेश गाडीशेजारी उकिडवा बसला. "तुमच्या."

"माप कुठून आणलं?"

"आईनं अंगठी दिली होती तुमची. देवघरातली. तिच्या मापानं नळीचे तुकडे कापले, ते मधे घातले." मग म्हणाला, "आता सगळ्या गाड्यांना तेच लावतो. त्या घाटातल्या माणसाची गाडी पण मीच परत बोलावून नीट करून दिली. त्याच्या पोरीला पुढं बसवून फिरवून आणलं."

नाना बाहेर येईनात. चपला नुसत्या एकमेकींवर टेकलेल्या. मी बघत राहिले, नीलेश बघत राहिला. मग त्यांनी हात बाहेर काढला, "ताई, उठवा जरा." मी एक हात धरला, नीलेशनं दुसरा. उभे राहिले तेव्हा डोळे लाल. "ऊन गेलं डोळ्यात," म्हणाले. गाडीखाली कुठलं ऊन आलंय, पण मी त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही.

त्यांनी हाताची उलटी बाजू नीलेशच्या कपाळाला लावली. एवढा दाढीवाला, बापापेक्षा वीतभर उंच पोरगा, खाली वाकून उभा राहिला. कपाळावर काळा डाग उमटला. कोणी पुसला नाही.

"बेस शे," नाना म्हणाले. आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसताना, "आवाज मात्र लय करतो हा."

गाडी सुरू झाली तशी अख्खी गल्ली दणाणली. पलीकडचा पंक्चरवाला बाहेर येऊन शिव्या घालायला लागला, त्याला मी गप बस म्हटलं. खिडकीतून नानांचा हात बाहेर आला, नुसती बोटं हलवली. मग गाडी हायवेकडे वळली. मी फोमचा तुकडा उचलून दारात उभी राहिले आणि तो आवाज पुलावर चढून बारीक होत जाईपर्यंत ऐकत राहिले.